आप्त कोणास म्हणावे?

बर्फ ही वस्तू आमच्या अल्लीपुरास परकी. वैशाखात येथील पारा ४५ अंशांच्या आसपास घोटाळत असतो. आमच्या लहानपणी लग्नकार्याकरिता हिंगणघाटाहून बर्फाची लादी आणवीत. ती लाकडाच्या भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली असे, आणि बंडी गावात शिरेपर्यंत तिचा निम्मा भाग वाटेतील धुळीस अर्पण झालेला असे. अशा मुलखात संस्कृत शिकविण्यात जन्म घालविलेल्या एका सेवानिवृत्त शिक्षकाने उत्तर ध्रुवाकडे हरवलेल्या गलबतांवर लिहावयास बसावे, ह्याचे वाचकांस नवल वाटेल. त्यास कारण लोकमान्य टिळक.

वेदकालीन आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे असे प्रतिपादन करणारा लोकमान्यांचा इंग्रजी ग्रंथ सन १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला. ऋग्वेदातील उषा ही आपल्या अंगणात सडासंमार्जन होईतो मावळून जाणारी पहाट नव्हे. ती दिवसच्या दिवस क्षितिजावर फिरत राहणारी, दीर्घ रात्रीच्या अंती भयभीत मनुष्यांनी आतुरतेने वाट पाहिलेली उषा होय, असा त्यांचा एक प्रमुख मुद्दा. हे मत आज बहुतेक विद्वानांस मान्य नाही, हे मला ठाऊक आहे. तथापि ते उषेचे प्रकरण वाचल्यापासून माझ्या मनाने एकच छंद घेतला. तेथील रात्र प्रत्यक्ष भोगलेल्या माणसांचे वृत्तांत मिळतील तितके वाचावयाचे. मिळेल त्या वाचनालयातून, पुढे नातवंडांच्या त्या हातातील काचेच्या पाटीतूनही, मी ते वाचीत आलो. त्यांत ज्या एका कथेने मला सोडले नाही ती सर जॉन फ्रँक्लिन ह्यांच्या सफरीची.

दिनांक १९ मे १८४५ रोजी इंग्लंडच्या आरमाराची 'एरेबस' आणि 'टेरर' ही दोन गलबते टेम्स नदीतून निघाली. युरोपातून अमेरिकेच्या माथ्यावरून, बर्फाच्या बेटांमधून, पूर्वेकडील देशांस जाणारा जलमार्ग शोधून काढावा हा हेतु. पूर्वेकडील देश म्हणजे चीन आणि आपणच. आमच्या वाटेच्या शोधात ही मंडळी बर्फात शिरली, हे आपण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ही दोन गलबते काही नवशिकी नव्हती. त्यापूर्वीच सन १८३९ ते १८४३ ह्या काळात ती दक्षिण ध्रुवाकडे जाऊन आली होती, आणि तेथील दोन पर्वतांस आजही त्यांचीच नावे आहेत. त्यांच्या नाळेवर लोखंडी पत्रे ठोकले होते, पोटात आगगाडीची एंजिने बसविली होती. तीन वर्षांचा शिधा, मांस व भाज्या भरलेले सुमारे ८००० डबे, हजारांवर पुस्तके, चांदीचे काटे-चमचे. फ्रँक्लिनचे वय ५९. तारुण्यात त्याने कॅनडाच्या उत्तरेस अशीच एक सफर केली होती. तीत उपासमारीने इतका प्रसंग आला की पायातील जोड्यांचे चामडे खाऊन तो जगला. लोक त्यास जोडे खाणारा म्हणून ओळखीत. त्या वर्षीच्या जुलै महिन्याच्या अखेरीस देवमाशांची शिकार करणाऱ्या दोन गलबतांनी बॅफिनच्या उपसागरात ह्या जहाजांस पाहिले. बर्फ फुटण्याची वाट पाहत ती उभी होती. त्यानंतर त्यांवरील १२९ माणसांपैकी एकासही कोणा गोऱ्या माणसाने जिवंत पाहिले नाही.

तीन वर्षे पत्र नाही, निरोप नाही. मग शोध सुरू झाला. आरमाराने २०००० पौंडांचे बक्षीस लाविले, जहाजांमागून जहाजे धाडली. सन १८५० मध्ये बीची नावाच्या उजाड बेटावर तीन थडगी सापडली. तिघेही तरुण, पहिल्याच हिवाळ्यात, सन १८४६ च्या जानेवारी ते एप्रिल ह्या महिन्यांत वारलेले. तेथे सुमारे तीन महिने सूर्य क्षितिजावर येत नाही. त्या तीन महिन्यांच्या पलीकडील उषा तिघांपैकी एकाच्याच वाट्यास आली. परंतु तेथून जहाजे कोणत्या दिशेस गेली ह्याविषयी एक ओळ लिहून ठेविलेली नव्हती.

घरी फ्रँक्लिनची पत्नी लेडी जेन वाट पाहत होती. तिने स्वतःचे द्रव्य ओतून गलबते पाठविली. अमेरिकेच्या अध्यक्षास पत्र लिहिले. आरमारखात्याने सन १८५४ च्या आरंभी जाहीर केले की, ३१ मार्चपासून ह्या सर्व मंडळींची नावे नोंदवहीतून कमी होतील. अर्थात ती मृत समजली जातील. त्या बाईने विधवेचे वेतन नाकारिले, आणि काळी वस्त्रे न नेसता हिरव्या व गुलाबी रंगाची वस्त्रे परिधान करून ती समाजात वावरू लागली. आमच्या घरांतील वडीलधाऱ्या बायकांना हे सांगितले तर त्या क्षणार्धात ओळखतील. कुंकू पुसावयाचे कधी, हा तो प्रश्न होय.

आपल्या धर्मशास्त्राने त्याचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. परदेशी गेलेल्या मनुष्याची वार्ता कळेनाशी झाली तर सामान्यतः बारा वर्षे वाट पाहावी. नंतर पळसाच्या ३६० पानांची व दर्भाची प्रतिमा करून तिचा यथाविधि दाह करावा. आणि त्यानंतरही तो मनुष्य परत आलाच, तर त्यास तुपाच्या कुंभात स्नान घालून त्याचे जातकर्मापासून सर्व संस्कार पुनश्च करावे, स्वतःच्याच पत्नीशी पुन्हा विवाह लावावा. केवढी ही आशा! बारा वर्षांनीही शास्त्रकारांनी दार पुरते लाविले नाही. इंग्रज आरमाराने नऊ वर्षेही पुरी होऊ दिली नाहीत.

ह्याच सुमारास डॉ. जॉन रे नावाचा एक गृहस्थ बर्फात पायी हिंडत होता. हा ऑर्कनी बेटांचा, हडसन-बे कंपनीचा वैद्य. इतर इंग्रज अधिकारी लोकरी गणवेश घालून, चांदीच्या चमच्यांसह बर्फावर जात. रे मात्र तेथील इनुइट लोकांपासून, ज्यांस जुनी पुस्तके एस्किमो म्हणतात त्यांपासून, बर्फाचे घर बांधावयास, शिकार करावयास आणि त्यांच्यासारखे चालावयास शिकला होता. सन १८५४ च्या वसंतात त्यास काही इनुइट भेटले. त्यांनी सांगितले की, काही हिवाळ्यांपूर्वी किंग विल्यम बेटावर सुमारे ४० गोरी माणसे एक होडी ओढीत दक्षिणेकडे जाताना आपल्या लोकांस दिसली होती. ती फार कृश झाली होती. त्यांनी सीलचे मांस विकत घेतले. पुढे त्याच ऋतूत सुमारे तीस प्रेते नदीच्या मुखाकडील प्रदेशात आढळली. आणि प्रेतांच्या स्थितीवरून व तेथील भांड्यांत जे होते त्यावरून, शेवटी शेवटी त्या माणसांनी मनुष्याचे मांस खाऊन जीव जगविण्याचा यत्न केला होता, हे उघड होते. ह्या लोकांपाशी फ्रँक्लिनचे पदक होते, अधिकाऱ्यांच्या नावांची अक्षरे कोरलेले चमचे होते. रे ह्याने ते विकत घेतले व वृत्तांत आरमारास कळविला. ऑक्टोबर महिन्यात तो वर्तमानपत्रांत छापून आला.

देशभर संताप उसळला. चार्ल्स डिकन्स ह्यांचे नाव आमच्या पिढीने शाळेत इंग्रजी शिकताना ऐकलेच आहे. गरीबगुरिबांच्या दुःखासाठी लेखणी झिजविणारा हा लेखक. त्याने आपल्या साप्ताहिकात ह्या वृत्तांताविरुद्ध लेख लिहिले. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की, फ्रँक्लिनसारख्या धीरोदात्त पुरुषाच्या तालमीत वाढलेली माणसे असे कृत्य करणे संभवतच नाही. आणि हे सांगणारे कोण, तर रानटी लोक, जे स्वभावतःच खोटे बोलतात. त्यांनीच ह्या माणसांस मारिले नसेल कशावरून? रे ह्याने त्याच साप्ताहिकात शांतपणे उत्तर दिले. मी ह्या लोकांत राहिलो आहे, त्यांचा शब्द मी पारखला आहे, असे त्याचे म्हणणे. ते कोणाच्या मनास पटले नाही. मौज अशी की, रे ह्याने आणलेले चमचे खरे ठरले. फ्रँक्लिनच्या सफरीचा पत्ता लाविल्याबद्दलचे १०००० पौंडही त्यास व त्याच्या सोबत्यांस सन १८५६ मध्ये मिळाले. खोटे ठरले ते फक्त चमच्यांबरोबर आलेले शब्द.

येथे माझ्यातील जुना शिक्षक जागा होतो, त्यास वाचकांनी क्षमा करावी. न्यायशास्त्रात ज्ञानाची चार प्रमाणे मानिली आहेत, आणि त्यांत चौथे शब्द. शब्द कोणाचा? आप्ताचा. आता मराठीत आपण आप्त म्हणजे सोयरा, नात्यातला मनुष्य समजतो. न्यायशास्त्रातील आप्त नात्याने ठरत नाही. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्यास कळविण्याची ज्यास इच्छा आहे तो आप्त. एवढ्यावर भाष्यकार वात्स्यायन थांबत नाहीत. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ ह्या तिघांसही सारखेच लागू आहे, असे ते स्पष्ट सांगतात. दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेले हे वाक्य मी विद्यार्थ्यांस अनेकदा सांगितले आहे, आणि पुष्कळदा वर्गात ते ऐकून कोणी चमकत नाही ह्याचे मला वैषम्य वाटलेले आहे. डिकन्सचे तर्कशास्त्र ह्याच्या नेमके उलट होते. त्याचे आप्त ते मराठीतले आप्त, आपल्या जातीचे, आपल्या ताटात जेवणारे.

तथापि न्याय दोन्ही बाजूंस केला पाहिजे. डिकन्सचा एक आक्षेप शास्त्रशुद्ध होता. रे ह्यास भेटलेले इनुइट स्वतः त्या स्थळी गेलेले नव्हते. त्यांनी इतरांपासून ऐकिले होते. रे स्वतःही तेथवर गेला नाही. म्हणजे हे ऐकिवातले ऐकीव झाले. पण ह्या आक्षेपावर उपाय एकच होता, आणि तो म्हणजे ज्यांनी पाहिले त्यांस शोधून विचारणे. डिकन्सने विचारावे असे म्हटले नाही, बोलणाऱ्याचे तोंडच बंद करू पाहिले.

हा वाद मी वाचतो तेव्हा आमच्या आत्याआजीची मला आठवण होते. ही माझ्या आजोबांची धाकटी बहीण. तिचे यजमान सन १९३४ च्या उन्हाळ्यात इकडील काही मंडळींसमवेत बदरीनारायणाच्या यात्रेस निघाले. ओझे वाहण्याकरिता घरचा सालदार बरोबर घेतला होता. यात्रेकरू श्रावणात परत आले. ते मागाहून येत आहेत, एवढेच त्यांनी सांगितले. दिवाळीच्या सुमारास सालदार एकटाच आला. त्याने सांगितले ते असे: मालकांस एका चट्टीवर पटकी झाली. बाकीची मंडळी भयाने पुढे निघून गेली. तीन दिवस मालक पडून होते. चट्टीवाल्याच्या बायकोने करून दिलेली पेज त्यांनी घेतली आणि पाणी त्याच्या, म्हणजे सालदाराच्या, हातचे प्याले. प्राण गेला तेव्हा मुसळधार पाऊस होता, कोरडे लाकूड नव्हते, हात लावावयास कोणी तयार नव्हते. म्हणून त्याने आणि एका परक्या मनुष्याने देह अलकनंदेत सोडिला. आणि शेवटी मालकांनी निरोप दिला की, बाईंच्या पाटल्या गहाण टाकून यात्रेचा खर्च केला आहे, सावकाराची पावती गुरुचरित्राच्या पोथीच्या बासनात ठेविली आहे.

तिचे सासरे हे ऐकून थरथर कापू लागले, ते दुःखाने नव्हे. "आमच्या कुळातला मनुष्य प्राण गेला तरी असल्याच्या हातचे पाणी घेणार नाही. ह्यानेच त्यास वाटेत टाकून दिले असेल," असे म्हणून त्यांनी त्या मनुष्यास अंगणातूनच घालवून दिले. नंतर पोथीचे बासन सोडून पाहतात तो पावती तेथेच. पाटल्या सोडवून आणल्या. निरोपाचा तेवढा भाग खरा मानिला गेला. यजमान मात्र त्या घराच्या लेखी पुढे बारा वर्षे जिवंत होते. सन १९४६ मध्ये पळसाच्या पानांची प्रतिमा झाली, आणि मग आत्याआजी आमच्याकडे माहेरी अल्लीपुरास राहावयास आली.

मी नऊ-दहा वर्षांचा असताना तो सालदार दिवाळीच्या पाडव्यास आमच्या ओसरीवर येऊन बसे. आत्याआजी त्यास स्वतः वाढी, धोतराचे पान देई. एकदा मी धीटपणाने त्यास विचारिले तेव्हा तो म्हणाला, "मालकाले म्या माह्या हातानं पानी पाजलं, बापू. खोटं कायले सांगू?" आत्याआजीस विचारिले, तुझा विश्वास केव्हा बसला? ती म्हणाली, "त्याच दिवशी. लबाडी करायची असती तर त्याने गंगाजळ आणि तुळशीपत्राची गोष्ट सांगितली असती. पेजेची कशाला सांगितली असती?" आणि थोड्या वेळाने, "पाटल्या सोडवून आणल्या रे, पण निरोप आणणाऱ्याला दारात उभा केला नाही."

तिला न्यायशास्त्राचा गंध नव्हता. ती बारा वर्षे कपाळाला कुंकू लावीत होती ते आपला पती जिवंत आहे म्हणून नव्हे. घरातल्या पुरुषांस तसे मानावयाचे होते म्हणून. वस्तुतः तिच्या सासऱ्यांनी ज्या शास्त्राच्या अभिमानाने त्या मनुष्यास घालविले, त्याच शास्त्रात आपद्धर्म आहे. बारा वर्षांच्या दुष्काळात विश्वामित्र ऋषींनी चांडाळाच्या घरातून कुत्र्याचे मांस चोरले ही कथा महाभारताच्या शांतिपर्वात आहे, आणि व्यासांनी ती लपविली नाही. छांदोग्य उपनिषदातील उषस्ती हा ब्राह्मण हत्तीवाल्याचे उष्टे कुळीथ खातो. भुकेचे सत्य सांगावयास आपले प्राचीन लोक लाजत नसत. लाज मधल्या काळात आली. असो.

लेडी जेनने पाठविलेल्या 'फॉक्स' नावाच्या गलबतावरील मॅक्लिंटॉकच्या मंडळींस सन १८५९ च्या मे महिन्यात किंग विल्यम बेटावर दगडांच्या राशीत एक कागद सापडला. ह्या सफरीचे पुढे काय झाले हे सांगणारा तेवढा एकच कागद आजवर हाती आला आहे. त्याच कागदावर दोन लेख आहेत. पहिला २८ मे १८४७ चा, सर्व कुशल असे सांगणारा, आणि तो लिहिताना आदल्या हिवाळ्याचे सालही चुकलेले. दुसरा त्याच कागदाच्या कडेकडेने दाटीवाटीने लिहिलेला, २५ एप्रिल १८४८ चा. जहाजे सप्टेंबर १८४६ पासून बर्फात अडकून पडली आहेत. फ्रँक्लिन ११ जून १८४७ रोजी वारला. आजवर २४ माणसे गेली. उरलेल्या १०५ माणसांनी जहाजे सोडली आहेत, आणि उद्या दक्षिणेकडील नदीच्या दिशेने निघणार. सही क्रोझियर आणि फिट्झजेम्स ह्यांची. अक्षर मुख्यतः फिट्झजेम्सचे. काही मैलांवर एक होडी आढळली, घसरगाडीवर चढविलेली. दोन्हींचे वजन मिळून सुमारे १४०० पौंड. तीत दोन सांगाडे, आणि रेशमी रुमाल, सुवासिक साबण, पुस्तके, चांदीचे चमचे, थोडा चहा व चॉकलेट. होडीचे तोंड ज्या दिशेस जावयाचे त्या दिशेस नव्हते, जहाजांकडे होते. जे भुकेने मरत होते त्यांनी साबण का ओढून नेला, ह्यावर मी पुष्कळ विचार केला. गाव सोडताना माणसे काय काय उचलतात हे ज्यांनी पुराच्या वेळी पाहिले आहे त्यांस मी अधिक काय सांगू?

कागद सापडला, इंग्लंडचे समाधान झाले, सन १८७५ मध्ये वेस्टमिन्स्टरच्या मंदिरात फ्रँक्लिनचे स्मारक झाले. लेखी पुरावा हाती आला की तोंडी पुराव्याची कोण पर्वा करतो! आम्ही शिक्षकही त्याच मतलबाचे. कागदावर आहे ते खरे. परंतु हॉल आणि श्वाट्का नावाचे दोन अमेरिकन मात्र पुढील वीस वर्षांत त्या प्रदेशात गेले आणि त्यांनी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांस विचारिले. काही इनुइट कुटुंबांस ह्या मंडळींची एक तुकडी वाटेत भेटली होती. त्यांनी सीलचे थोडे मांस दिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघून गेले. ह्याकरिता त्यांस निष्ठुर म्हटले गेले आहे. पण त्यांचीही मुलेबाळे होती, शिधा हाताबोटांवर मोजावा इतका, आणि इतक्या भुकेल्या पुरुषांस पोसणे त्या उजाड किनाऱ्यावर कोणासच साधले नसते. पुहतूराक नावाच्या एका वृद्धाने श्वाट्कास सांगितले की, आपल्या लोकांनी दूर दक्षिणेस बर्फात अडकलेले एक जहाज पाहिले होते. आत एका मोठ्या देहाच्या गोऱ्या माणसाचे प्रेत होते. आत शिरण्यास त्यांनी बाजूस भोक पाडिले, आणि बर्फ वितळल्यावर जहाज बुडाले. पाणी उथळ, डोलकाठ्या वर दिसत राहिल्या. हे सर्व लिहून ठेवले गेले, आणि कागदाशी जुळत नाही म्हणून पुष्कळांनी बाजूस सारिले. कागदात जहाजे उत्तरेस सोडलेली, मग एक दक्षिणेस कसे?

सन १९९२ मध्ये किंग विल्यम बेटावर सुमारे ४०० अस्थींचा एक साठा आढळला. अॅन कीनलीसाइड ह्या विदुषीने त्यांची पाहणी करून सन १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. नव्वदांहून अधिक अस्थींवर सुरीचे कापे होते. मांस सोडविताना पडतात तसे. डॉ. रे ह्यास सांगितलेली गोष्ट अक्षरशः खरी होती. तो सन १८९३ मध्ये वारला. आरमाराच्या शोधकांस पदव्या मिळाल्या, त्यास मिळाली नाही.

मृत्यूची कारणे कोणती ह्याविषयी विद्वानांचा वाद चालू आहे. बीची बेटावरील तिन्ही देह सन १९८४ व १९८६ मध्ये थडग्यांतून काढून तपासले. बर्फाने ते असे राखले होते की पापण्यांचे केसही शाबूत. शरीरांत शिसे फार आढळले, म्हणून डबे जोडणाऱ्या डाकाकडे बोट गेले. पुढील तपासात तेच मुख्य कारण नसावे असे दिसले. भूक, थंडी, क्षय आणि दोन वर्षे न फुटणारा बर्फ, इतकी कारणे मला पुरेशी वाटतात.

जहाजांचा शोध मात्र लागला, आणि तो कसा लागला हे मला ह्या कथेतील सर्वांत मोठे आश्चर्य वाटते. कॅनडाच्या शोधकांनी इनुइट परंपरेतील वर्णने नकाशावर मांडून दक्षिणेकडील भागात समुद्राचा तळ चाळला, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये 'एरेबस' सापडले. अवघ्या ११ मीटर पाण्यात. पुहतूराकच्या लोकांनी जहाज बुडताना पाहिले तो हाच टापू.

दुसरे जहाज दोन वर्षांनी. शोधकांच्या गलबतावर सॅमी कोग्विक नावाचा एक इनुइट गृहस्थ होता. त्याने सहज बोलता बोलता सांगितले की, काही वर्षांपूर्वी बर्फावरून मासेमारीस जाताना एका खाडीत बर्फातून वर आलेले एक जाड लाकूड आपण पाहिले, त्यास मिठी मारून छायाचित्रही काढविले. पण घरी येतो तो छायाचित्राचे यंत्रच हरवलेले. हा अपशकुन समजून तो कोणाजवळ बोलला नव्हता. गलबताच्या प्रमुखाने काय केले? त्याने हसून सोडून दिले नाही, आणि दुसरा पुरावा आण असेही म्हटले नाही. आखलेली वाट सोडून गलबत त्या खाडीकडे वळविले. दिनांक ३ सप्टेंबर २०१६ रोजी २४ मीटर खोल पाण्यात 'टेरर' उभे आढळले. गंमत अशी की त्या खाडीचे नाव नकाशावर पूर्वीपासून टेररची खाडी असेच आहे.

आणि सन २०२४ मध्ये त्या अस्थींपैकी एका जबड्यातील दातावरून, हयात असलेल्या एका दूरच्या नातलगाशी रक्तसंबंध ताडून, तो मनुष्य कोण हे ठरले. जेम्स फिट्झजेम्स, 'एरेबस'चा कप्तान. ज्याने त्या कागदाच्या कडेवर आपल्या मंडळींचा शेवटचा वृत्तांत लिहिला तोच हा. त्याच्या जबड्यावर कापल्याच्या खुणा आहेत. अधिकाराची फीत तेथे कोणाच्या कामी आली नाही, आणि मेलेल्या कप्तानाचा देह त्याच्या उपाशी सोबत्यांच्या कामी आला. त्याच्या कुळातील ज्या हयात वंशजाने आपली लाळ तपासास दिली, त्याने सत्य कळावे म्हणूनच ती दिली. हे वाचून माझे मन त्या अंगणात उभ्या असलेल्या सालदाराकडे पुन्हा गेले.

सन २०१९ मध्ये पाणबुड्यांनी 'टेरर'च्या आत यंत्र सोडून चित्रे घेतली. माझ्या नातवाने ती मला दाखविली. फळ्यांवर थाळ्या व पेले ओळीने मांडलेले आहेत, खिडक्यांना काचा आहेत. कप्तानाच्या खोलीत मेजाचे खण बंद असून गाळाने झाकले आहेत. थंड पाण्यात कागद टिकला असेल तर तो तेथेच. त्या साऱ्या मजल्यावर एकच दार बंद आढळले, कप्तानाच्या निजावयाच्या खोलीचे. ह्या वस्तूंची मालकी आता कॅनडा देश आणि इनुइट समाज ह्यांची संयुक्त असून उन्हाळ्यात इनुइट पहारेकरी तेथे राहून जहाजांची राखण करतात.

फ्रँक्लिनचे थडगे अद्याप सापडले नाही. त्याच्या शोधात ज्याने तीस वर्षांहून अधिक काळ घालविला तो लुई कामुकाक हा किंग विल्यम बेटावरील योआ हेवन गावचा रहिवासी. ह्या गावास हे नाव मिळाले ते आमुंडसेनच्या 'योआ' गलबतावरून. सन १९०३ मध्ये, म्हणजे लोकमान्यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, आमुंडसेन तेथे आला, दोन हिवाळे राहिला, इनुइटांपासून कपडे करावयास व कुत्री हाकावयास शिकला, आणि फ्रँक्लिनला न सापडलेला तो मार्ग पार करून गेला. कामुकाक सात वर्षांचा असताना त्याच्या पणजीने, हुम्माहुकने, त्यास एक गोष्ट सांगितली. ती लहान मुलगी असताना वडिलांबरोबर बेटाच्या उत्तरेस गेली होती. तेथे जमिनीवर गंजलेल्या वस्तू पसरल्या होत्या, त्यांत लोणी लावावयाची एक सुरी होती, ती तिने उचलून आणली. आणि जवळच माणसाच्या लांबीचा एक उंचवटा होता, त्याच्या एका टोकास अपरिचित आकाराचा दगड उभा होता. पुढे शाळेत फ्रँक्लिनचा धडा आला तेव्हा त्या मुलास ती सुरी आठवली. मग तो मोठा झाला, गावोगावच्या वृद्धांकडे जाऊन बसू लागला आणि त्यांनी सांगितलेले सर्व टिपून घेऊ लागला. सन २०१८ मध्ये तो वारला. त्याने टिपून ठेविलेले वृत्तांत मागे आहेत, आणि तो उंचवटा शोधण्यास लोक अजून जात असतात.